ओढेल, पण पेलेल का?

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला इंटरस्टेट ७० जॉर्जटाउन मागे टाकून चढत जातो आणि आयसेनहॉवर बोगद्यापाशी ११,१५८ फुटांवर पोचतो. बोगद्याच्या पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार आहे. ब्रेक निकामी झालेले ट्रक वळवून घुसवता यावेत म्हणून त्या उतारावर दोन आपत्कालीन चढ बांधून ठेवले आहेत. कोलोरॅडोत ट्रेलर ओढण्यावरून कुणाशीही वाद घाला, तो शेवटी या रस्त्यावर येतोच.

हा वाद एका मामा-भाचीचा. मामा वाळवा तालुक्यातले, उसाच्या पट्ट्यातले. बरीच वर्षं अमेरिकेत काढून आता निवृत्त झालेत. त्यांच्याकडे पाऊण टनी म्हणतात तसली भली मोठी डिझेल पिकअप आहे आणि तिच्या हौद्यात अडकवून ओढायचा 'फिफ्थ व्हील' ट्रेलर. भाची मेकॅनिकल इंजिनिअर. तिच्याकडे फोर्ड एफ-१५०, इंजिन २.७ लिटरचं ईकोबूस्ट. रोज ऑफिसला तीच गाडी. आता नवरा, दोन मुलं आणि कुत्रा घेऊन डोंगरात मुक्कामाला जाण्यासाठी तिला ट्रेलर घ्यायचाय : आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं. पूर्ण भरल्यावर जास्तीत जास्त ६,९०० पौंड, म्हणजे तीन टनांहून थोडं जास्त. मी मध्ये बसून ऐकत होतो. मला दोघांचंही पटत होतं, आणि तिथेच काहीतरी चुकतंय असंही वाटत होतं.

मामा : २.७ लिटर! अगं, आपल्याकडच्या बोलेरो पिकअपचं इंजिन अडीच लिटरचं असतंय. त्याच्यावर तू तीन टनांचं घर ओढणार म्हणतीस?

भाची : मामा, बोलेरो पिकअपची ताकद पाऊणशे अश्वशक्तीच्या आसपास. माझ्या गाडीची ३२५. लिटर मोजून काय उपयोग?

मामा : ती टर्बोनं फुंकून फुगवलेली ताकद. मोठ्या, आठ सिलिंडरच्या इंजिनाला ताण नसतोय. घरात आठ माणसं असली की काम वाटून होतंय, सहा असली की सगळी दमत्यात.

भाची : सहा जणांना दुप्पट जेवण दिलं तर? टर्बो तेच करतो, सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. आणि ओढायला लागतो तो टॉर्क बघा. माझ्या इंजिनाचा ४०० पौंड-फूट, तोही तीन हजार फेऱ्यांच्या आतच मिळतो. त्याच गाडीत मिळणाऱ्या पाच लिटरच्या व्ही-८चा टॉर्क जवळपास तेवढाच, पण तो मिळवायला चार हजारांच्या वर बोंबलावं लागतं. २०११च्या मॉडेलात फोर्डनं ३.५ लिटरचं ईकोबूस्ट आणलं तेव्हाही लोक हसले होते, पिकअपला व्ही-६ कसलं म्हणून. आज शेवरले सिल्व्हरॅडो २.७ लिटरच्या चार सिलिंडरवर विकते.

मामा : विकती म्हणून चांगली?

भाची : बरं, विक्री सोडा, हवेवर या. बोगद्यापाशी हवा विरळ. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के घटते. म्हणजे ३९५ अश्वशक्तीचं व्ही-८ अकरा हजार फुटांवर पावणेतीनशेवर येतं. टर्बो विरळ हवासुद्धा दाबून आत घालतो, त्यामुळे माझी घट बरीच कमी. तुम्ही मला जिथे मोठं इंजिन घे म्हणता, नेमकं तिथेच ते लहान होतं.

इथे मामा थोडे थांबले. त्यांचं डिझेलही टर्बोचंच आहे, हे त्यांना आठवलं असावं.

भाचीनं मग कागद ओढला. तिचा हिशेब मी तपासला, तो बरोबर आहे. गाडी आणि ट्रेलर मिळून १२,४०० पौंड, म्हणजे सुमारे ५,६०० किलो. सात टक्के चढावर ताशी ५० मैलांनी हे नुसतं उचलत न्यायला सव्वाशेच्या आत अश्वशक्ती लागते. वारा, टायर आणि गिअरबॉक्सची घट धरली तरी आकडा दोनशेच्या पलीकडे फारसा जात नाही. म्हणजे तीनशेच्या आसपास ताकद असलेलं इंजिन हा घाट चढणार, यात शंकेला जागा नाही. लहान इंजिनाला हे जमत नाही असं आजही छातीठोक सांगणारे लोक पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाड्या डोळ्यांपुढे धरून बोलत असतात.

भाची : शिवाय हे माझं एकटीचं गणित नाही. एसएईचं, म्हणजे वाहन-इंजिनिअरांच्या संघटनेचं मानक आहे, जे२८०७. त्याच्या आधी प्रत्येक कंपनी ओढण्याचा आपला आकडा आपणच ठरवायची आणि दुसऱ्यापेक्षा शंभर पौंड जास्त सांगायची. टोयोटानं ते मानक आधी लावलं, २०१५पासून तिन्ही अमेरिकी कंपन्यांनी. त्यातली चाचणी माहितीये? अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ, ११.४ मैल. बाहेर १०० अंश फॅरेनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि वेग चाळीस मैलांखाली उतरता कामा नये. शिवाय १२ टक्के चढावर थांबायचं आणि पाच मिनिटांत पाच वेळा गाडी पुढे काढून दाखवायची. हे सगळं करून माझ्या गाडीला साडेसात हजार पौंडांची परवानगी मिळालीये.

मामा : एक चढ. एक दिवस. नवी गाडी. त्या चढाचा माथा साडेतीन हजार फुटांच्या आसपास, तिथं हवा दाट. आणि गाडीत माणसं किती धरत्यात?

भाची : दोन. प्रत्येकी दीडशे पौंड.

मामा : तुझी चार आणि एक कुत्रं. ते जाऊ दे. इंजिन चढंल, मी मान्य करतो. आमच्या गावात पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या कारखान्याला नेत होता की. ओढायला काय, गिअर बारीक असला की काहीही ओढतंय.

भाची : मग तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय!

मामा : थांब. त्या ट्रॅक्टरनं कधी कुणाला मारलं, ठाऊक आहे? चढावर पुढची चाकं उचलली जायची, कारण ओझं मागच्या हुकावर. पोरं बॉनेटवर बसवायची, पुढचं तोंड जमिनीला टेकावं म्हणून. आणि उताराला ट्रॉलीला ब्रेक नाही. दोन ट्रॉल्या ऊस मागनं ढकलतोय, आणि अडवायला ट्रॅक्टरची दोन मागची चाकं. पडलेत ट्रॅक्टर, माणसं गेली. चढताना कुणी मेलेलं मला आठवत नाही.

हे मामांचं सगळ्यात वजनदार वाक्य. लहान इंजिनाविरुद्ध बोलताना मंडळी चढाचीच भीती घालतात. वास्तविक चढावर वाईटात वाईट काय होईल, तर वेग कमी होईल, इंजिन तापेल, बाजूला थांबावं लागेल. उताराचा हिशेब निराळा. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत दोन हजारांहून जास्त फूट खाली यायचं. ५,६०० किलो एवढे खाली उतरताना जी ऊर्जा सुटते ती सगळी पाण्यात घातली तर शंभर लिटर गार पाणी उकळेल. थोडी वारा खातो, थोडी इंजिन. उरलेली ब्रेकच्या चकत्यांत जाते.

भाची : ट्रेलरला ब्रेक आहेत, मामा. विजेवरचे. बहुतेक राज्यांत तीन हजार पौंडांवर ते सक्तीचेच असतात. आणि टो-हॉल मोड लावला की गिअरबॉक्स स्वतः खालचा गिअर पकडतो.

मामा : पकडू दे. पण खालच्या गिअरमध्ये अडवणार कोण? इंजिनच. २.७ लिटर पेट्रोलच्या पोटात अडवायला जागाच थोडी. तिथं टर्बो कामाला येत नाही. माझ्या डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक आहे, बटण दाबलं की गाडी धरून ठेवल्यासारखी उतरती. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे आंबा घाटात शिकलोय, तेच इथं पाळतोय.

भाची : मीही तेच करीन. चाळीसनं उतरीन. पाय सतत ब्रेकवर ठेवायचा नाही. मध्येच एकदा नीट दाबून वेग खाली आणायचा, मग सोडून ब्रेकला गार होऊ द्यायचं.

मामा : करशील. तुला कळतंय. पण मागचा सत्तरनं येणारा हॉर्न मारायला लागला की कितीजणांचा पाय घट्ट राहतोय?

उतारावर मामा जिंकले, असं माझं मत. भाची हुशारीनं उतरेल, पण तिला हुशारी लागेल. मामांना बटण पुरतं.

मायलेजवर दोघांचं फारसं भांडण झालं नाही. एरवी गॅलनला वीस मैल देणारी तिची गाडी ट्रेलर लावल्यावर नवाच्या आसपास येईल. आठ फूट रुंद, जवळपास अकरा फूट उंच भिंत वाऱ्यात ढकलायची म्हटल्यावर इंजिन लहान की मोठं याला अर्थ राहत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. पासष्टऐवजी पंचावन्ननं जाणं हा त्यावरचा एकमेव स्वस्त उपाय, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानंच ५५ची मर्यादा आहे. पैशांचा मुद्दा मात्र भाचीचा पक्का होता. वर्षातले पंधरा-वीस दिवस ट्रेलर ओढण्यासाठी उरलेलं वर्ष दहा हजार डॉलर महागाचं डिझेल इंजिन ऑफिसला न्यायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं? मामांकडे उत्तर नव्हतं. ते वाऱ्याकडे वळले.

मामा : वायोमिंगात आय-८०वर आडवा वारा बघितलाय ना? तुझी गाडी अ‍ॅल्युमिनियमची, पाच हजार पौंडांची. मागचं घर सात हजारांचं. शेजारनं मोठा ट्रक गेला की ते घर डुलायला लागंल, आणि एकदा डुलायला लागलं की पुढच्या गाडीलाही इकडं-तिकडं ओढतंय. माझी गाडीच पावणेआठ हजारांची.

भाची : डुलण्याचं पहिलं कारण वारा नाही, मामा. वजन कुठे ठेवलंय ते. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर यायलाच हवा. त्याहून कमी आला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आणि हललाच तर गाडीचा ब्रेक मारायचा नाही, वेग वाढवायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि कंट्रोलरची पट्टी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे.

मामा : किती टक्के म्हणालीस?

भाची : दहा ते पंधरा. मी तेरा धरलेत.

मामा : ६,९००चे तेरा टक्के?

भाची : ८९७.

मामा : हे ९०० पौंड कुणाच्या पाठीवर? इंजिनाच्या?

इतका वेळ चाललेला वाद इथे एका क्षणात बदलला, आणि तो मामांनी बदलला याचं मला आश्चर्य वाटलं. ओढायचं ओझं आणि पाठीवर पेलायचं ओझं ही दोन वेगळी खाती आहेत. जाहिरातीत पहिल्याचा आकडा असतो. दुसऱ्याचा असतो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर : माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. हिचवरचा भार या दुसऱ्या खात्यात पडतो. भाचीनं बाहेर जाऊन दार उघडलं. आकडा होता १,४८५.

भाची : ट्रेलरची जीभ, म्हणजे हिचवरचा भार, ८९७. भार वाटून देणारा हिच ९०. आम्ही चौघं ४६०. कुत्रा ६०. झाले... १,५०७.

मामा : आणि सायकली? आइसबॉक्स? सरपण?

भाची : अजून धरलंच नाही. बावीस पौंड आत्ताच वर गेले.

मामा : आणि इंजिनाकडं?

भाची : इंजिनाकडे अजून सहाशे पौंड शिल्लक.

काटेकोर बोलायचं तर, भार वाटून देणारा हिच त्या नऊशेतला काही भाग पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे परत ढकलतो. मामांच्या गावात पोरं बॉनेटवर बसून जे काम करायची ते इथे स्प्रिंगच्या दांड्या करतात. पण त्या जोरावर स्टिकर ओलांडणं हे डोळे झाकून घाट उतरण्यासारखंच. याहून वाईट पळवाट दुसरी आहे आणि ती फार जण काढतात : जीभ हलकी व्हावी म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला नेतात. स्टिकर खूश होतो, आणि ट्रेलर डुलायला मोकळा.

मामा : म्हणून म्हणतोय, व्ही-८ घे.

भाची : त्यानं काय होणार? ओझं पेलतात सांगाडा, स्प्रिंगा आणि अ‍ॅक्सल. इंजिन बदलून पाठ मजबूत होत नाही, मामा.

मामा : मग माझ्यासारखी पाऊण टनी घे. विषय संपला.

भाची : चला, तुमचं दार उघडू.

मामा : माझी गाडी सतरा हजार ओढती.

भाची : ओढते. दार उघडा.

मामांच्या दारावर २,२३६ लिहिलेलं होतं. एवढ्या मोठ्या गाडीला एवढाच आकडा का, हे कळण्याजोगं आहे. पाऊण टनी गाड्यांचं एकूण वजन कंपन्या अनेकदा दहा हजार पौंडांवर अडवून धरतात. त्याच्या पुढे वाहनाचा वर्ग बदलतो आणि नोंदणीचे, व्यावसायिक वापराचे नियम मागे लागतात. मग त्या दहा हजारांतून जड डिझेल इंजिन वजा, फोर व्हील ड्राइव्ह वजा, सनरूफ वजा, चामड्याच्या गरम होणाऱ्या खुर्च्या वजा. जे उरतं ते स्टिकरवर. मामांनी खुर्च्या आवडीनं घेतल्या होत्या.

भाची : तुमचा ट्रेलर भरून किती?

मामा : साडेअकरा हजार.

भाची : फिफ्थ व्हीलचा भार पिनवर वीस टक्के धरू. २,३००. इथेच संपलं. हौद्यातला हिच दीडशे. तुम्ही आणि मामी ३३०. एकूण २,७८०.

मामा : इतकी वर्षं ओढतोय. काही झालं नाही.

भाची : उसाच्या ट्रॅक्टरवालेही हेच म्हणायचे ना?

मामा गप्प बसले. रागावले नाहीत, पण खिशातून चष्मा काढून स्टिकर पुन्हा वाचला. ५४४ पौंड जास्त. त्यांच्या डिझेलला हे ओझं जाणवतसुद्धा नाही, आणि मला घोळ तिथेच दिसतो. दमणारं इंजिन निदान कुरकुरतं, वेग सोडतं. मागचे टायर, चाकांच्या बेअरिंगा, अ‍ॅक्सल हे न बोलता सोसतात आणि एक दिवस फुटतात. दोघं दोन तास इंजिनावर भांडले, आणि मर्यादा दोघांनीही ओलांडलेली निघाली ती इंजिनाची नव्हतीच.

त्यानंतर निर्णयाला वेळ लागला नाही. भाचीनं इंजिन ठेवलं, गाडी ठेवली, ट्रेलर बदलला : भरून जास्तीत जास्त ५,२०० पौंडांचा. तेरा टक्क्यांनी जीभ ६७६, सगळं मिळून १,२८६. जवळपास दोनशे पौंड हातात राहतात, सायकली आणि आइसबॉक्स बसतात. मुलांना वेगळे पलंग मिळणार नाहीत, जेवणाचं टेबल मोडून झोपावं लागेल. मामा आपल्या ट्रेलरचं पुढचं कपाट रिकामं करणार आहेत. ते पुरेल असं मला वाटत नाही. त्यांना ट्रेलर तरी लहान हवा, नाहीतर एक टनी गाडी. तसं मी त्यांना सांगितलं. भाचीची गाडी लहान ट्रेलरसाठी योग्य आहे, मामांची त्यांच्या ट्रेलरसाठी नाही, हा माझा निकाल. इंजिन कुणाचं मोठं, हे मी विचारात घेतलेलं नाही.

अमेरिकेत पिकअप घेऊन ट्रेलरचा विचार करणारी बरीच मराठी घरं मला माहीत आहेत. त्यांना तीनच गोष्टी सांगतो. शोरूममध्ये बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि स्टिकरचा फोटो काढा. शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवर तो आकडा दोन-तीनशे पौंडांनी वेगळा असू शकतो, आणि विक्रेता तो आपणहून सांगेलच असं नाही. ट्रेलर घेताना ब्रोशरमधलं कोरडं वजन धरू नका, त्यात पाणी, गॅसची टाकी, भांडी काहीच नसतं. ४० गॅलन पाण्याचीच टाकी सव्वातीनशे पौंडांवर जाते. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. पहिल्या सहलीला सगळं सामान आणि सगळी माणसं भरून त्यावर गाडी चढवा. पुढचं अ‍ॅक्सल, मागचं अ‍ॅक्सल आणि ट्रेलर, तिन्हींची वजनं वेगवेगळी छापून मिळतात, आणि खर्च दोघांच्या जेवणाहून कमी येतो.